छतातल्या बाई

शेवटच्या तासाला पाढे सुरू झाले की भिंतीपलीकडचे यंत्रमागसुद्धा मागे पडत. तिसरी 'ब'ची पोरं डोळे मिटून, डुलत, "सात एके सात, सात दुणे चौदा" अशी चाल धरत आणि "सात सक बेचाळीस"पर्यंत येईतो खिडकीची तावदानं थरथरायला लागत. इचलकरंजीत हळू कुणी बोलतच नाही. जन्मल्यापासून कानाशी मागांचा खडखडाट. त्याच्यावर आवाज चढवला नाही तर ताटात भाकरी पडायची नाही, असं केतकीचे अण्णा म्हणत.

केतकी मगदूम कार्यालयाशेजारच्या खोलीत बसून तो गलका पडद्यावर पाहत होती. वर्गात तो एकच आवाज होता. पडद्यावर त्याचे अठ्ठावीस धागे सुटे झाले होते, ताण्यावर सूत लावल्यासारखे शेजारी शेजारी. एक धागा म्हणजे एक पोर.

वर्गाच्या छतात हरभऱ्याएवढे आठ मायक्रोफोन बसवलेले होते. एका बाकावरचा आवाज आठही ठिकाणी एकाच क्षणी पोचत नाही. जवळच्याला आधी, लांबच्याला किंचित उशिरा. त्या उशिरावरून आवाज कुठल्या बाकावरचा हे कळतं आणि गलक्यातून एकेक गळा वेगळा काढता येतो. इथवरचं तंत्र जुनंच होतं. केतकीच्या कंपनीनं, 'स्वरमापन'नं, त्याच्या पुढची पायरी गाठली होती.

एकसुरात म्हणताना कुणीच एकटं म्हणत नसतं. प्रत्येक जण शेजाऱ्याचं ऐकून आपला वेग नकळत सावरत असतो, सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यानं. पण जे ऐकू येतं त्याच्याशीच सावरता येतं. 'स'ची शीळ वरच्या पट्टीत असते, 'ओ'चा घुमारा खालच्या. एखादं पोर शेजारच्याच्या कुठल्या आवाजाला सावरतं आणि कुठल्या आवाजाला चुकतं, हे महिनाभर टिपलं की त्याच्या कानाचा नकाशा तयार होतो. कानाला काही लावायचं नाही, पोराला काही विचारायचं नाही. त्यानं फक्त पाढे म्हणायचे.

पोरांनी या यंत्राचं बारसं पहिल्याच आठवड्यात केलं होतं. "ए, नीट म्हण, छतातल्या बाई ऐकत्यात!"

केतकी याच शाळेत शिकली होती. कोल्हापूरला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ती 'स्वरमापन'मध्ये लागली आणि कंपनीनं तिला तिच्याच गावी पाठवलं. मुख्याध्यापिका शिरगुप्पे बाई तिच्या तिसरीच्या वर्गशिक्षिका. शिक्षकांच्या खोलीत खिळ्यांना कप टांगलेले असत, प्रत्येकावर तैलरंगात नाव. केतकी आली त्या आठवड्यात बाईंनी चित्रकलेच्या सरांकडून तिच्याही नावाचा कप रंगवून घेतला होता.

"हा कप उगाच नाही दिलेला," बाई म्हणाल्या होत्या. "नियम सांगते, ऐक. मुलाची नोंद शाळेबाहेर जाता कामा नये. मग बाहेरच्या कंपनीच्या माणसाला ती दाखवायची कशी? तर त्याला शाळेचा माणूस धरायचं. पण काम शाळेचं असलं पाहिजे, लगाम शाळेच्या हातात पाहिजे, आणि ऐकलेलं पुढे जाता कामा नये. तेवढं पाळलं तर पालकांची वेगळी सहीसुद्धा लागत नाही."

"म्हणजे सोपंच आहे की, बाई."

"सोपं नाही. सही घेतली असती तर निदान त्यांना माहीत तरी असतं कोण ऐकतंय ते. सही घेत नाही, म्हणून जास्त जपायचं."

केतकीला ते जरा शाळकरी वाटलं होतं. कंपनीच्या प्रशिक्षणात हेच तिला नेमकेपणानं शिकवलं होतं: नाव काढून टाका, माहिती निनावी होते. निनावी माहिती कुणाचीच नसते.

आज पडद्यावरचा एक धागा तिला सारखा खुणावत होता. तिसऱ्या रांगेत खिडकीकडचं बाक. वरच्या पट्टीला पोर ठीक सावरत होतं, खालच्यालाही. मधल्या पट्टीत मात्र चाचपडत होतं. गावातल्या म्हाताऱ्या विणकरांच्या कानाचा नकाशा तिला पाठ होता. मागाच्या आवाजानं वरच्या पट्टीत खड्डा पडतो. अण्णांचा तसाच होता. पण इथला खड्डा बरोबर मध्ये होता, भाकरीच्या कडा सोडून मधलाच घास कुणी खाल्लेला असावा तसा. ही खोट बहुतेकदा जन्माची असते, हळूहळू वाढत जाते आणि रक्तातून येते. वेळेवर कळली तर कानाला यंत्र लावून पोर वर्गात टिकतं. नाही कळली तर 'लक्ष नसतं हिचं' म्हणून मागच्या बाकावर जातं.

यंत्रानं खाली ओळ दिली होती: कौटुंबिक असण्याची शक्यता मोठी. तिनं बाकाचा क्रमांक नावाशी जुळवला. धृती हेरवाडे.

नाव वाचून तिनं खुर्ची मागं सरकवली.

हेरवाडे घरातली संपदा, म्हणजे धृतीची सख्खी आत्या, केतकीच्या भावाला सांगून आली होती. बघणं झालं होतं, दोन्हीकडून पसंती झाली होती. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. ज्या मुलाशी आपलं नातं आहे त्याची नोंद दुसऱ्याकडे सोपवायची, असा नियम होता. पण नातं अजून झालंय कुठं, असं केतकीनं स्वतःला समजावलं आणि नोंद घेऊन ती बाईंकडे गेली. नात्याचं काही बोलली नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "पुढच्या महिन्यात कानाचे डॉक्टर येणार आहेत. ते बघतील, मग मी आईवडिलांना बोलावीन. नुसत्या यंत्राच्या शब्दावर कुणाच्या घरात अशी गोष्ट टाकायची नाही. तोवर तू आणि मी."

"हो, बाई."

*

मगदुमांच्या घरी दिवस बुडायच्या आत जेवायचा रिवाज. अण्णा मागावरून आले की चौघं एकदमच बसत.

"काय गं," आई भाकरी वाढता वाढता म्हणाली, "हेरवाड्यांची पोरगी तुझ्याच शाळेत हाय न्हवं?"

"कोण पोरगी?" अण्णा ओरडले.

"संपदाच्या भावाची हो! धृती!"

"मग तसं सांग की. ओरडतीस कशाला?"

सन्मती हसला. केतकीपेक्षा तीन वर्षांनी मोठा, बँकेत कारकून, मुळात हसरा. या दोन महिन्यांत तर उगाचच हसत असे. संपदा सूतगिरणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिनं पहिल्याच भेटीत त्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरून 'यात चाळीस टक्के पॉलिस्टर आहे, दुकानदारानं फसवलंय' असं सांगितलं होतं. हा किस्सा घरातल्या सगळ्यांनी चारचारदा ऐकला होता.

"माणसं कशी हाईत?" आईनं विचारलं.

"चांगली आहेत की."

"चांगली सगळीच असतात. तू रोज तिथं असतीस म्हणून विचारलं."

केतकीनं सन्मतीकडे पाहिलं. त्याचं लक्ष दह्यात होतं. आपल्याला एक गोष्ट माहीत आहे आणि ती याच्या आयुष्याची आहे, असं तिला वाटलं. माहीत असून गप्प बसायचं तर मग आपण बहीण कसली? आणि सांगितलं तर बाईंना तोंड कसं दाखवायचं? दोन्ही पाळता येईल असा मार्ग ती शोधत राहिली आणि तो सापडल्यावर तिला आपल्या हुशारीचं बरंही वाटलं.

"हल्ली लग्नाआधी सगळ्या तपासण्या करतातच," ती म्हणाली. "रक्ताच्या, थायरॉइडच्या. कानाचीही करून घ्यावी. दोघांची."

नाव नाही, शाळा नाही, पोरीचा उल्लेख नाही. 'दोघांची' हा शब्द तर तिनं मुद्दाम जोडला होता. वाक्य पूर्ण निनावी होतं.

आईचा हात भाकरीवर थांबला. "कानाची? कानाची कशाला?"

"सहज. आपल्या गावात मागांमुळं..."

"सन्मतीचे कान बँकेनं भरतीच्या वेळी तपासल्यात," आई म्हणाली आणि केतकीकडे पाहत राहिली.

केतकीनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला. तो चावायला तिला बराच वेळ लागला.

आईनं पुढं काही विचारलं नाही. तिनं आजवर नात्यागोत्यातली निम्मी लग्नं जमवली होती आणि उरलेली मोडली होती. विचारता विचारता ती कधी थांबत नसे. ज्या अर्थी थांबली, त्या अर्थी तिला उत्तर मिळालं होतं.

*

पुढच्या रविवारी सन्मती गच्चीवर आला. केतकी वाळलेले कपडे काढत होती.

"आईनं हेरवाड्यांना नकार कळवलाय."

"काय? का?"

"पत्रिका जुळत नाही म्हणे. दोन महिने जुळत होती." तो कठड्याला टेकला. चेहऱ्यावर हसू नव्हतं आणि त्याशिवाय तो अनोळखी दिसत होता. "आईला विचारलं तर म्हणते, केतकीला विचार. तुला काय माहीत आहे?"

"मी कुठं काय म्हणाले?"

"तेच म्हणतोय. तू काहीच म्हणाली नाहीस. नुसती भाकरी चावत बसलीस. मी पण बघितलं होतं."

केतकी तशीच खाली गेली. आई देवघरातली समई पुसत होती.

"आई, तू मावशीला काय सांगितलंस?" स्थळ आणलं होतं ते कुसुममावशीनं.

"मी काय कुणाचं नाव घेतलं का?" आई वर न बघता म्हणाली. "एवढंच म्हटलं, त्यांच्यात कुणाच्या कानाचं काही हाय का, ते तेवढं इचारून बघ. सहज."

केतकीला आपलंच वाक्य आईच्या तोंडून ऐकल्यासारखं झालं. तेच कसब, तेच समाधान. नाव काढून टाकलं की गोष्ट कुणाचीच राहत नाही, हे हजार शाळांच्या माहितीच्या ढिगाऱ्यात खरं असेलही. पण ज्या खोलीत एकाच घराचं बोलणं चाललंय तिथं नाव काढून काय उपयोग? ते तर आधीपासून ताटासमोर येऊन बसलेलं असतं.

"अगं, पण ते आईकडूनही येतं!" ती म्हणाली. "धृतीच्या आईकडून. संपदाचा त्याच्याशी काडीचा संबंध नसेल. यंत्र एवढंच सांगतं की कुटुंबातून आलंय. कुणाच्या कुटुंबातून ते नाही सांगत."

आईनं समई खाली ठेवली. "मग हे जेवताना का नाही बोललीस?"

आता तर केतकीनं नावसुद्धा घेतलं होतं.

*

सोमवारी पाढ्यांच्या तासाला पडद्यावरचा एक धागा सपाट होता. केतकीला वाटलं, धृती आली नसेल. ती वर्गाच्या दारापाशी गेली. धृती जाग्यावरच होती. सगळ्यांबरोबर डुलत होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता.

मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिकेनं विचारलं तेव्हा शेजारच्या पोरीनं सांगून टाकलं, "तिच्या मम्मीनं सांगितलंय, छतातल्या बाईंसमोर तोंड उघडायचं नाही. त्या घरोघर जाऊन सांगत्यात."

मंगळवारी सपाट धागे पाच झाले. बुधवारी केतकीनं मोजायचं सोडून दिलं. हेरवाड्यांची गल्ली गप्प झाली, मग तिच्यापलीकडची. कुणाच्या पोराला काय निघेल आणि ते कुठल्या बैठकीत कोण बोलेल, याचा नेम नव्हता. शुक्रवारी शेवटच्या तासाला तिसरी 'ब'ची पोरं डोळे मिटून डुलत होती, सगळ्यांचे ओठ एका तालात हलत होते आणि वर्गात फक्त भिंतीपलीकडचे माग ऐकू येत होते. सातचा पाढा तसाच सुरू झाला आणि तसाच संपला.

त्याच दुपारी कंपनीतून व्यवस्थापकाचा निरोप आला. सगळं तपासलं आहे. यंत्रातून, तारेतून, साठवणीतून कुठूनही माहिती बाहेर गेलेली नाही. गळती शून्य. उद्या पालक भेटायला येत आहेत असं कळतं, त्यांना हे वाचून दाखवावं. शाळेच्या बाजूनं कुणी बोललं असेल तर ती शाळेची जबाबदारी.

शाळेच्या बाजूनं. नोंद दोघींनीच पाहिली होती. केतकीनं निरोप पुन्हा वाचला. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

*

धृतीचे वडील, भरत हेरवाडे, बाईंच्या टेबलासमोर उभेच राहिले. सोबत संपदा होती, ती खुर्चीवर बसली. फिकट निळा ड्रेस, मांडीवर हेल्मेट. केतकी आत आली तेव्हा तिनं मान वर करून एकदाच पाहिलं.

"बाई, माझे पण पाढे तुम्हीच घेतलेत," भरत म्हणाले. आवाज चढवायचा नाही असं ठरवून आलेले दिसत होते. "तुमच्यावर इश्वास म्हणून पोरगी इथं घातली. आणि आमच्या पोरीच्या कानाचं आमाला कुणाकडनं कळावं? सोयरीक मोडायला आलेल्या बाईकडनं! ती इचारती, तुमच्यात कुणाला कानाचं काय हाय का? आमी म्हटलं नाही. तर ती माझ्या तोंडाकडं बघायली, मी लपवायलोय म्हणून. कान मापणारं यंत्र आमच्यातल्या एकट्या धृतीच्याच डोक्यावर हाय, मग कुणाचं ते कळलंच. माझ्या बायकोनं चार दिवस अन्नाला हात लावला नाही."

"भरत, बस," बाई म्हणाल्या.

"बसत नाही. एवढंच सांगा, कोण बोललं?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नोंद मी पाहिली होती. माझ्या शाळेतून गोष्ट गेली असेल तर ती माझ्याकडून गेली असं समज."

"म्हंजे तुमी?"

"मी जबाबदार आहे, असं म्हणतेय. कंपनीनं तपास केलाय. केतकी, वाच ते."

केतकीनं फोन काढला. "सगळं तपासलं आहे," तिनं वाचायला सुरुवात केली. "यंत्रातून, तारेतून..."

तिनं वर पाहिलं. बघण्याच्या कार्यक्रमाला नसलेले भरत केतकीला ओळखत नव्हते, ते बाईंकडे रागानं बघत होते. बाई टेबलाकडे बघत होत्या. संपदा मात्र केतकीकडे बघत होती, शांतपणे, शर्टाची बाही चिमटीत धरून सूत पारखावं तशी. तिला सगळं माहीत आहे हे केतकीला कळलं. सोयरीक कुणाच्या घराशी मोडली ते तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिनं नुसतं नाव घेतलं असतं तरी पुरलं असतं. ती घेत नव्हती.

केतकीला आपल्या घरचं ताट आठवलं आणि तोंडातला न संपणारा घास. आता गप्प राहिलं तर ते तेव्हासारखंच होणार होतं. काहीही न बोलता एका माणसाचं नाव सांगितल्यासारखं.

"बाईंनी नाही सांगितलं," ती म्हणाली. "मी. माझ्या घरी. ज्या घरी संपदा येणार होती, ते माझं घर."

मागांचा आवाज खिडकीतून आत येत राहिला.

"नाव नव्हतं घेतलं," असं ती पुढं बोलली आणि बोलता बोलताच तिला त्या शब्दांची किळस आली.

भरत खुर्चीवर बसले. त्यांचा राग उभं राहून भांडण्याच्या कामाचा होता. या उत्तराला तो पुरेना.

"नातं होणार होतं हे मला सांगितलं नाहीस," बाई म्हणाल्या.

"नातं अजून झालं नव्हतं, बाई."

"बोलणं झालं होतं?"

"हो."

बाई बराच वेळ चष्म्याची काडी उघडत-मिटत राहिल्या. "यंत्र बसवताना मी त्या माणसांना नाही नाही ते विचारलं. तार कुठून जाते, साठवण कुठं असते, कुलूप कुणाकडे. तीनदा शिडी लावून बघितलं. ते हसत होते मला." त्यांनी चष्मा घातला. "तुला काही विचारावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तू माझ्या वर्गातली."

केतकीला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आमच्या पोरीला काही झालेलं नाही," भरत मध्येच म्हणाले. "डॉक्टर नको, काही नको. परत कुणी तिच्या कानाचं नाव काढायचं नाही."

"असं करू नका," केतकी पटकन म्हणाली, "ही खोट वाढत जाते, आत्ताच जर..."

"केतकी." बाईंचा आवाज चढला नाही, पण तिसरीत असताना ज्या आवाजानं खडू हातातून पडायचा तोच तो होता. "तू आता शाळेचा माणूस नाहीस. धृतीच्या कानाबद्दल तू एक शब्द बोलायचा नाही. तिच्या वडिलांशीसुद्धा. मी बोलेन. तू बाहेर थांब."

जे बोलायला हवं होतं ते सगळं तिच्या जिभेवर नेमकं तयार होतं. पट्टी, खड्डा, वय, उपाय. ते सगळं घेऊन ती बाहेर आली.

व्हरांड्यात धृती दप्तर पायाशी ठेवून कठड्यावर बसली होती. दोन वेण्या, एक सुटलेली.

"इथं का बसलीस?" केतकीनं विचारलं.

धृतीनं तिच्या ओठांकडे पाहिलं. "काय?"

केतकी समोर येऊन वाकली आणि पुन्हा विचारलं.

"पप्पांची वाट बघतोय." मग पोरीनं शेजारच्या, केतकीच्या खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलं. आतला पडदा दिसत होता. "छतातल्या बाई तुम्हीच काय?"

नाही म्हणणं सोपं होतं. ते एक यंत्र आहे, त्याला मन नसतं, ते कुणाच्या घरी जात नाही, असं तिनं पालकांना कितीदा समजावून दिलं होतं.

"हो," ती म्हणाली.

धृतीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बहुधा तिनं काही मोठं आणि भीतीदायक मनात धरलं होतं. मग तिनं दप्तर उचललं आणि कठड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

बऱ्याच वेळानं संपदा बाहेर आली. केतकी उभी राहिली. आतून बाईंचा सावकाश आवाज येत होता आणि मधूनमधून भरत यांचं 'हं'.

"दादा ऐकतोय त्यांचं," संपदा म्हणाली. "तपासायला नेईल धृतीला, असं वाटतंय."

"संपदा, मला... ते तुझ्याकडून आलेलं असेल असं मुळीच नाही. वहिनींच्या माहेरकडूनही असू शकतं. साध्या तपासणीत कळतं. तू करून घेतलीस तर मी घरी सगळ्यांना..."

"काय सांगशील? की मी चोख निघाले म्हणून?"

केतकीनं तिच्या हातातल्या हेल्मेटकडे पाहिलं.

"मी तपासणी करीन. करीन किंवा नाही करणार," संपदा हेल्मेटचा पट्टा सोडवत म्हणाली. "काय निघालं ते तुला कळणार नाही. धृतीचंही. ती ऐकू शकते का, तिला यंत्र लागलं का, कुठल्या डॉक्टरकडे नेलं, काहीही नाही. विचारायचं पण नाही. सन्मतीकडून पण नाही."

"तो तुला फोन करत असेल."

"करतो. त्याला सांग, पत्रिका खरंच जुळत नाही." तिचा आवाज तेवढा एकदाच हलला. "बिचाऱ्यानं काही केलं नाही म्हणा. पण तेच. त्यानं काहीच केलं नाही."

तिनं धृतीला हाक मारली नाही. तिच्या समोर जाऊन उभी राहिली, पोरीनं मान वर केल्यावर हात पुढं केला आणि दोघी पायऱ्या उतरून गेल्या. समोर जाऊन उभं राहायचं हे तिनं आठवड्यात शिकून घेतलं होतं.

*

यंत्र सोमवारी उतरलं. बाई स्वतः शिडीखाली उभ्या होत्या, असं केतकीनं नंतर ऐकलं. छताला आठ भोकं राहिली, ती चित्रकलेच्या सरांनी बुजवली. तिच्या कपाचं काय झालं ते तिनं कुणाला विचारलं नाही. कंपनीनं तिला काढलं नाही. गळती शून्यच होती. राजीनामा तिनं स्वतः दिला आणि व्यवस्थापकाला त्याचं कारण शेवटपर्यंत समजलं नाही. घरी सन्मती तिच्याशी बोलत असे, भाजी वाढ, दार लाव, इतपत. अण्णांनी एकदा विचारलं, "शाळेत का जात नाहीस गं?" आणि उत्तर त्यांना ऐकू आलं नाही, की त्यांनी ते न आल्यासारखं केलं, हे तिला कळलं नाही.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी ती शाळेमागच्या रस्त्यानं चालली होती. शेवटचा तास सुरू झाला आणि पाढे उठले. सगळा वर्ग म्हणत होता, तावदानं हलवत.

"सात पंचे पस्तीस, सात सक बेचाळीस..."

तिचे पाय थांबले. तिच्याही नकळत तिनं कान लावला. अठ्ठावीस गळे तिच्या मनात सुटे व्हायला लागले. पुढची रांग, मधली, मग तिसरी, खिडकीकडची. त्यातला एक धागा मागे रेंगाळतोय का? की आता सगळ्यांबरोबर पडतोय? शिकलेल्या कानाला थोडं थांबलं असतं तर कळलं असतं. आणखी एक ओळ, फार तर दोन.

"सात साती..."

उजवीकडे मागांची गल्ली होती. केतकी वळली आणि भराभर चालायला लागली. पहिल्या पत्र्याच्या शेडपाशी पाढे अंधुक झाले, दुसरीपाशी नुसती चाल उरली. तिसऱ्या शेडच्या उघड्या दारातून खडखडाट अंगावर आला तेव्हा ती थांबली. आता काहीच ऐकू येत नव्हतं. ती तिथंच उभी राहिली, शाळा सुटायची वेळ टळून जाईपर्यंत.